वास सालीत, कडूपणा बीत: उडाच्या शेंगांविषयी प्रश्नोत्तरे

लागोसहून भावाने काळ्या, वाकड्या शेंगा आणल्या आहेत. पुडीवर ‘मिरी’ लिहिलंय, वास मात्र जायफळ आणि निलगिरीच्या मधला येतो. ही नक्की मिरीच आहे का?

नाही. मिरी वेलाला लागते. ही सीताफळाच्या कुळातल्या एका उंच, सदाहरित झाडाची फळं आहेत. शास्त्रीय नाव झायलोपिया इथिओपिका. त्यावरून मूळ इथिओपियात शोधू नका. जुने युरोपीय लेखक सहाराच्या दक्षिणेकडच्या मोठ्या मुलखालाच ते नाव देत. नायजेरियातले इग्बो लोक हिला उडा म्हणतात, योरुबा लोक एरू, हौसा लोक किंबा. घानात ती ह्वेन्तिया, सेनेगलमध्ये ज्यार.

एक शेंग उकलून बघा. तीन-चार सेंटिमीटर लांबी, आत ओळीने बसलेल्या पाच-सात बिया. आधी बी चावा: कडू. मग नुसती साल चावा: किंचित राळेसारखी, कापराच्या वळणाची, मागून तिखट. स्वयंपाकात कामाची आहे ती सालच. वेलदोड्याची सवय असलेला हात नेमकं उलटं करतो, साल टाकतो आणि दाणे ठेवतो.

पेपर सूप, म्हणजे तिकडचं तिखट, पातळ मटणाचं सूप, केलं, पण इतकं कडू झालं की ओतून द्यावं लागलं. सहा शेंगा मिक्सरमधून काढून घातल्या होत्या.

चूक दोन ठिकाणी झाली. शेंगा जास्त पडल्या आणि बियांसकट त्यांची पूड झाली. पूड पाण्यात सुटली की कडूपणा परत काढता येत नाही.

एक किलो बकऱ्याच्या मटणाला, दोन लिटर पाण्यात, दोन शेंगा पुरतात. खलबत्त्यात फक्त ठेचा, बिया झटकून टाका, साल मटणाबरोबर सुरुवातीलाच घाला आणि वाढण्यापूर्वी काढून घ्या. सोबत एहुरूच्या तीन-चार बिया घ्या. हे आफ्रिकी जायफळ. कोरडंच भाजून, टरफल काढून कुटायचं. मीठ, मिरची आणि सुक्या कोलंबीची चमचाभर पूड मटण शिजत आल्यावर. नायजेरियात शेवटी जो सुगंधी पाला घालतात, ती आपली रामतुळस. तो गॅस बंद करताना घाला, उकळला तर वास उडून जातो.

सेनेगलची तूबा कॉफी घरी जमेल का?

जमेल, आणि आवर्जून करावी अशी आहे. तूबा हे मुरीद या सेनेगलमधल्या सूफी पंथाचं पवित्र शहर. पंथाचे संस्थापक शेख अमादू बांबा यांना फ्रेंचांनी 1895 साली गॅबोनला हद्दपार केलं, 1902 मध्ये ते परतले. ही कॉफी त्यांच्या अनुयायांमधून पसरली आणि आज सेनेगलच्या रस्तोरस्ती मिळते.

हिरव्या कॉफीबिया 200 ग्रॅम, शेंगा 40 ग्रॅम, हवी तर दोन लवंगा. बिया जाड बुडाच्या कढईत सतत हलवत गडद तपकिरी होऊ द्या. शेंगांचे तुकडे शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच घाला. त्या आधीच वाळलेल्या असतात, लवकर करपतात आणि कॉफीला राखेची चव येते. पूर्ण गार झाल्यावर जाडसर दळा. इथे शेंगांतल्या बिया वेगळ्या काढायची गरज नाही, कॉफीच्या कडूपणात त्या खपून जातात. लिटरभर उकळत्या पाण्याला 60 ग्रॅम पूड, स्वच्छ कापडातून गाळायचं, भरपूर साखर घालायची आणि दोन भांड्यांतून उंचावरून ओतून फेस आणायचा. दूध घालत नाहीत.

बाळंतिणीला हा मसाला देतात असं वाचलं. गरोदरपणात चालेल का?

गरोदरपणात टाळा. इग्बो घरांत उडा देतात तो बाळंतपणानंतर. लेकीचं बाळंतपण करायला आई येते, त्या प्रथेला ओमुग्वो म्हणतात. तेव्हा याम नावाच्या कंदाचं गरम, तिखट, पातळ सूप केलं जातं आणि त्यात उडा हवाच. आपल्याकडच्या डिंक-हळिवाच्या जागी तो आहे. तरीही बाळंतिणीची काही औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेंगा किती टिकतात? काहींना धुराचा वास आहे, खराब झाल्या का?

नाही. बऱ्याच ठिकाणी त्या धुरावर वाळवतात, तो वास त्याचाच. पावसाळी कुबट वास आला किंवा सालीवर पांढरी बुरशी दिसली, तर मात्र टाकून द्या. चांगली शेंग कडक असते, वाकवली की मोडते. अख्ख्या शेंगा घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर, वर्षभर सहज राहतात. पूड लागेल तेवढीच करा. महिन्याभरात तिचा सुगंध निम्मा उतरतो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो.