प्रयोगशाळेतून : क्रोमॅटिन तुटतच नाही

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन (क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि त्याला बिलगलेल्या प्रथिनांचे, तुकडे करून हवं ते प्रथिन प्रतिपिंडानं डीएनएसकट वेगळं काढणं) करते आहे. सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी तुकडे केल्यावर) जेलवर डीएनएच्या २०० ते ५०० बेस-जोड्यांच्या तुकड्यांऐवजी वरच, मोठ्या तुकड्यांच्या जागी, जाड पट्टा दिसतो. वेळ वाढवली, फरक शून्य. – एक विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : सर्वांत आधी सांगा, जेलवर घालण्यापूर्वी नमुना ६५ अंशांवर रात्रभर ठेवलात का? आरएनएज आणि प्रोटिनेज-के (आरएनए आणि प्रथिनं तोडणारी विकरं) दिलंत? डीएनए आणि प्रथिनांमधल्या जोडण्या न सोडवलेला नमुना वरच अडकतो आणि बिचारं सोनिकेटर बदनाम होतं.

ते केलं असेल, तर फिक्सिंगकडे, म्हणजे फॉर्मल्डिहाइडनं या जोडण्या घडवण्याच्या टप्प्याकडे वळा. १० मिली माध्यमात ३७ टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड सुमारे २८० मायक्रोलिटर, म्हणजे अंतिम १ टक्का. १० मिनिटं, खोलीच्या तापमानाला. हे ‘खोलीचं तापमान’ २० ते २५ अंश, मे महिन्यातल्या वडोदऱ्याचं नव्हे! उकाड्यात जोडण्या भराभर होतात आणि क्रोमॅटिन तुटेनासं होतं. वेळ संपताच उरलेलं फॉर्मल्डिहाइड निकामी करायला अर्धा मिली २.५ मोलर ग्लायसिन घालून ५ मिनिटं हलवा. ट्रिस बफरमध्ये फिक्स करू नका, त्याचा अमाइन गटच फॉर्मल्डिहाइड खाऊन टाकतो. बाटलीत पांढरा साका दिसला की नवी बाटली उघडा.

सोनिकेशन करताना नळी बर्फात, १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद. फेस आला की ऊर्जा द्रवात पोचतच नाही. थांबा, फेस बसू द्या, शक्ती कमी करून पुन्हा सुरू करा. मात्र फार बारीकही करू नका : क्रोमॅटिनच्या एका एककात, म्हणजे न्यूक्लिओसोममध्ये, हिस्टोन प्रथिनांभोवती सुमारे १४७ बेस-जोड्या गुंडाळलेल्या असतात.