दगडावरची अक्षरं घासू नका

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. सासूबाईंचं माहेर अलिबागजवळ. मे महिन्यात तिथे गेलो, तेव्हा ज्यू लोकांच्या जुन्या कब्रस्तानात गवतात एक पाटी दिसली; वर हिब्रू, खाली मराठी. ही माणसं कोण? हिब्रू कसं वाचायचं? मामेदीर म्हणतात, ॲसिडने घासून अक्षरांत रंग भरू. फोटो सोबत आहे.

उत्तर : ताई, आधी दिरांना फोन करून थांबवा. पाटी संगमरवरी दिसते. ॲसिड अक्षरांसकट वरचा थर खाईल. वीस वर्षांपूर्वी अशीच एक पाटी मी तारेच्या ब्रशने घासली आणि खालची मराठी ओळ कायमची घालवली. त्याची रुखरुख अजून आहे. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश घ्या. मग आरशाने ऊन तिरपं पाडा, बुजलेलं अक्षरही उठून दिसतं.

ही माणसं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. बुडालेल्यांना पुरलं ती जागा नवगावात आजही दाखवतात. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही त्यांची आडनावं, आणि घरात बोली मराठीच. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. गवत काढायला मागे माणसं उरली थोडी.

आता तुमची पाटी. सुरुवातीची दोन अक्षरं पे आणि नून, ही ‘इथे पुरलं आहे’ या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं. पुढे वर्ष आहे, तेही अक्षरांत. हिब्रूत अक्षरांनाच आकड्याची किंमत असते : तव ४००, रेश २००, सामेख ६०, झाले ६६०. वरचे पाच हजार गृहीत धरायचे. ज्यू पंचांगातल्या या ५६६० मधून ३७६० वजा केले की इसवी सन १९००. त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, त्यामुळे कधी एक वर्ष मागे जावं लागतं. पण इथे महिना निसान आहे, म्हणजे मार्च-एप्रिल. तेव्हा १९०० पक्कं. शेवटची पाच अक्षरंही आद्याक्षरंच, त्यांचा अर्थ मला फार आवडतो : हा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो.

नाव मात्र खालच्या मराठी ओळीत असावं, आणि फोटोत तिच्यावर गवताची सावली आहे. पुन्हा गेलात की सकाळच्या उन्हात त्या ओळीचा फोटो काढून पाठवा. निघताना पाटीवर एक खडा ठेवा; त्यांच्यात तशी रीत आहे.