रेझिन घ्यावं की प्लास्टिक? अंतराळयानांच्या किटबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला हवं असलेलं यान प्लास्टिकमध्येही मिळतं आणि रेझिनमध्येही. पैसे एकदाच जमले आहेत. घर टिनाचं आहे. कोणतं घेऊ? (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : प्लास्टिक. पहिलंच किट (सुटे भाग जोडून करायची यानाची प्रतिकृती) असेल आणि तेच यान प्लास्टिकमध्ये निघालेलं असेल, तर दुसरा विचार करू नका. त्यामागची कारणं मात्र समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

प्लास्टिकचं किट म्हणजे पॉलिस्टायरीन. वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. साचा फार महाग, पण त्यातून हजारो नग निघतात आणि पहिला नि हजारावा सारखाच असतो. भाग पोकळ, भिंत मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, खुंट्या आणि भोकं जागच्या जागी. रेझिनचं किट बहुधा पॉलियुरेथेनचं असतं. दोन द्रव मिसळून सिलिकॉन रबराच्या साच्यात हाताने ओततात. हा रबरी साचा काही डझन नगांनंतर झिजतो, फाटतो. म्हणून ज्या यानाला थोडेच गिऱ्हाईक आहेत ते रेझिनमध्ये निघतं आणि महाग पडतं. ती किंमत कमी नगांची आहे, चांगल्या मालाची नव्हे. रेझिन म्हणजे उस्तादांचा माल आणि प्लास्टिक म्हणजे पोरांचं खेळणं, हा समज सोडून द्या.

आता आपल्या उन्हाचं बोलू. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पॉलियुरेथेनचे बरेच प्रकार ६०-७० अंशांतच वाकतात आणि बारीक भागावर वजन असेल तर त्याहून कमी तापमानातही तो हळूहळू लवत जातो. बाहेर ४५-४६ अंश असताना टिनाखालची फळी किती तापते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

उदाहरण घेऊ. 'स्टार ट्रेक' या १९६६ च्या मालिकेतलं एंटरप्राइझ हे यान २८९ मीटर लांबीचं मानतात. १/१००० प्रमाणात ते २९ सेंटिमीटरचं होतं, १/३५० मध्ये साडेब्याऐंशी सेंटिमीटरचं. अरुंद मानेवर मोठी तबकडी आणि दोन बारीक दांड्यांवर दोन लांब इंजिनं, अशी त्याची ठेवण. दोन्ही पदार्थांची घनता जवळपास सारखीच, पण रेझिनची इंजिनं बहुतेक वेळा भरीव असतात, त्यामुळे दांड्यांवरचा भार कितीतरी वाढतो. अशी ठेवण रेझिनमध्ये टिनाच्या घरात ठेवणं म्हणजे दर नवतप्याला काळजी. याउलट बसकं, ठोकळ्यासारखं, हाताच्या तळव्याएवढं यान असेल तर रेझिनही खुशाल घ्या.

रेझिन घेण्याचं खरं कारण एकच, ते यान प्लास्टिकमध्ये नसणं. दुसरा चांगला उपयोग म्हणजे प्लास्टिकच्या यानाला फक्त इंजिनाची तोंडं, तोफा असे बारीक भाग रेझिनचे लावणं. आणि मूळ किटच्या निम्म्या किमतीत कुणी रेझिनची नक्कल देत असेल तर घेऊ नका. एक तर ती दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी. शिवाय दर ओतणीत रेझिन थोडं आकसतं, आणि नकलेची नक्कल झाली की तबकडीचे दोन अर्धे एकमेकांवर बसतच नाहीत.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या मुलांकडून एखादं यान करून घ्यायचं आहे. रेझिन चालेल का? (ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही, सर. रेझिन घासताना उडणारी बारीक धूळ वर्गात नको. बिनगोंदाचं, दाबून बसणारं प्लास्टिकचं किट घ्या. बंदाई कंपनीची 'स्टार वॉर्स'मधली यानं अशीच असतात, आणि त्यांतलं १/७२ चं एक्स-विंग साधारण १७ सेंटिमीटरचं होतं. एका किटवर चार-पाचच मुलं बसवा. भाग प्लास्टिकच्या चौकटीला देठांनी जोडलेले येतात, ते पिळून तोडू देऊ नका, पांढरा डाग पडतो. कटरने आधी दोन मिलिमीटर देठ ठेवून कापायचं, मग तो देठ वेगळा काढायचा. रिकाम्या चौकटी आणि उरलेले भाग डब्यात जपून ठेवायला सांगा. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी यानं करणाऱ्यांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या, विमानांच्या किटमधले भाग काढून यानांच्या अंगावर चिकटवले होते, हे मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : रेझिनचं यान केलं. रंग सालपटासारखा निघतो आणि मे महिन्यात इंजिनाच्या दोन्ही दांड्या खाली लवल्या. यान वाया गेलं का? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : वाया गेलेलं नाही.

रंग निघतो कारण भाग धुतले नव्हते. साच्यातून माल सुटावा म्हणून आत तेलकट थर मारतात, तो भागांवर राहतो. निघेल तेवढा रंग काढा, भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी घेऊन जुन्या टूथब्रशने खाचाखाचांतून घासा, चांगलं खळबळून रात्रभर वाळू द्या. त्यानंतर बोटांनी हाताळणं कमी करा. मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरचा (पाणी लावून घासायच्या कागदाचा) हलका हात आणि त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. रेझिनला प्रायमर लागतोच.

दांड्यांसाठी आधी इंजिनं सोडवा. रेझिनवर फेविक्विकचा जोड बाजूने झटका दिला की बहुधा सुटतो. गंजात पाणी तापवा, उकळू देऊ नका. बोट क्षणभरही टिकणार नाही इतकं गरम पुरे. दांडी चिमट्याने अर्धा-एक मिनिट बुडवा. ती चामड्याच्या पट्ट्यासारखी मऊ लागली की बाहेर काढून सपाट काचेवर सरळ दाबा आणि तशीच धरून माठाच्या पाण्यात घाला. एका दमात सरळ झाली नाही तर पुन्हा करा. थंड असताना जोर लावलात तर कटकन मोडेल.

फक्त सरळ करून भागणार नाही, पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा लवेल. आत एक मिलिमीटरची पितळी तार घाला. दांडीच्या टोकाला हाताच्या बारीक ड्रिलने ८ ते १० मिलिमीटर भोक पाडा, भोकाच्या तोंडाला ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि दांडी इंजिनावर टेकवा. जिथे ठिपका उमटेल तिथेच समोरचं भोक. तार अरल्डाइटने बसवा. फेविक्विक लगेच धरतो आणि तार वाकडी गेली तर फिरवायला वेळच देत नाही. लांब दांडी असेल तर तिच्या मागच्या बाजूने खाच पाडून तार पूर्ण लांबीभर बसवावी आणि वरून एम-सील भरावं.

हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं दिसली तर फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून टाचणीने भरा आणि तासाभराच्या आत घासा. दुसऱ्या दिवशी तो भराव रेझिनपेक्षा कडक होतो आणि घासताना शेजारचंच रेझिन झिजतं. घासायचं ते पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून आणि स्वयंपाकाच्या ठिकाणापासून दूर.

प्रश्न : आमच्या गावात प्लास्टिकचा खास सिमेंट मिळत नाही. फेविक्विक लावला तर? आणि रंगाच्या दुकानातल्या थिनरने पुसलं तर प्लास्टिकच विरघळलं, असं का? (ता. वरूड, जि. अमरावती)

उत्तर : गाड्यांच्या रंगाचा एनसी थिनर पॉलिस्टायरीनला खातो. रेझिनला तो तसा विरघळवत नाही, म्हणून कुणीतरी रेझिनवरचा अनुभव तुम्हाला सांगितला असेल. प्लास्टिकवर पुसायला साबणाचं पाणीच बरं.

मॉडेलचा सिमेंट हा गोंद नाही. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. म्हणूनच तो रेझिनवर काही कामाचा नाही, तिथे फेविक्विक किंवा अरल्डाइटच लागतो. प्लास्टिकवर फेविक्विक धरतो, पण जोड ठिसूळ राहतो आणि त्याच्या वाफेने काचेच्या भागांवर पांढरी झाक येते. काचांना पांढरा फेव्हिकॉल लावा, वाळल्यावर तो पारदर्शक होतो.

पातळ सिमेंटची एक बाटली किटसोबतच मागवा. ज्वालाग्राही असल्याने ती विमानाने येत नाही, रस्त्याने उशिरा पोचते. वापरायची रीत अशी : दोन्ही अर्धे कोरडेच जुळवून धरा, ब्रशचं टोक फटीला टेकवा, द्रव आपोआप फटीतून पळतो. अर्धा मिनिट दाबलं की फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी कड वर येते. ती दिसली की समजा जोड पक्का. लगेच घासू नका, २४ तास थांबा. आत द्रावक उरला असेल तर घासून सपाट केलेली रेघ तो उडाल्यावर खाली बसते आणि रंगाखाली चर दिसतो. मग ४००, ६००, १००० या क्रमाने वॉटर पेपर.

प्रश्न : स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत येतो. रंग खराब आहे का? (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : रंग ठीक असावा, वेळ चुकते. उन्हाळ्यात दुपारी फवारा हवेतच वाळतो आणि यानावर भुकटी बसते. सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान, वीस सेंटिमीटरवरून, पातळ हात मारा. कूलर बंद ठेवा. त्याची ओली हवा लॅकरवर दुधाळ थर आणते आणि वाऱ्याने धूळ उडते. पावसाळ्यातही हाच दुधाळ थर येतो, त्यासाठी दोन दिवस उघाड पाहून काम करा. कापसाच्या दिवसांत घरात कापूस भरलेला असेल किंवा जिनिंग जवळ असेल तर ओल्या रंगावर रुईचे तंतू बसतात. रंगवल्या रंगवल्या वर प्लास्टिकचा डबा उपडा घाला.

गाड्यांचा प्रायमर रेझिनवर बिनधास्त चालतो. प्लास्टिकवर मारण्याआधी रिकाम्या चौकटीवर मारून पाहा. पृष्ठभाग सुरकुतला तर तो डबा बाजूला ठेवा.

प्रश्न : यानात दिवे लावायचे आहेत. कोणतं किट सोपं? (ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : प्लास्टिक, कारण ते आतून पोकळ असतं. भरीव रेझिनमध्ये प्रत्येक वायरसाठी बोगदा कोरावा लागतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर तीन मिलिमीटरच्या प्रत्येक पांढऱ्या एलईडीला स्वतंत्र ४७० ओहमचा रेझिस्टर जोडा. अर्धे चिकटवण्याआधी आतून काळा रंग द्या आणि त्यावर पांढरा. काळा नसेल तर अंगाच्या प्लास्टिकमधूनच उजेड झिरपतो, पांढरा नसेल तर खिडक्या मंद दिसतात. बॅटरी यानात न ठेवता स्टँडच्या ठोकळ्यात ठेवा आणि वायर स्टँडच्या पोकळ नळीतून वर न्या, म्हणजे बॅटरी बदलायला यान उघडावं लागत नाही. सगळे दिवे रात्रभर चालू ठेवून पाहिल्यावरच यानाचे अर्धे चिकटवा.