माशांवरची ९६ तासांची विषचाचणी: रसायनाच्या आधी पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात एमएस्सी प्राणिशास्त्र करतोय, प्रकल्पासाठी कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या क्लोरपायरिफॉसची माशांवरची अल्पकालीन विषारीता काढायची आहे. रोहूची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) आणायची, टबांत वेगवेगळ्या प्रमाणात औषध टाकायचं आणि ९६ तासांनी किती मेले ते मोजायचं, एवढंच ना? उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकेल का?

एवढंच नाही. आणि तापमान काबूत ठेवणारी खोली नसेल तर नागपूरच्या उन्हाळ्यात हे हातात घेऊच नका. मी इथल्याच एका प्रयोगशाळेत सांडपाण्याच्या आणि रसायनांच्या चाचण्या करते. विद्यार्थ्यांचे प्रयोग बिघडतात ते बहुतेक रसायनामुळे नाही, पाण्यामुळे बिघडतात. म्हणून उत्तराचा मोठा भाग पाण्यावरच खर्च करते.

आधी परवानगीचं. मासा हा कायद्याच्या दृष्टीनेही प्राणीच आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे, त्याखाली प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे आणि संस्थेच्या पातळीवर प्राणी नैतिकता समिती असते. तुमच्या गाइडना आजच विचारा की प्रस्ताव त्या समितीपुढे ठेवला आहे का. मासे आणून झाल्यावर विचारायची ही गोष्ट नाही.

आता चाचणी. जगभर जिचा आधार घेतात ती ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका क्रमांक २०३. ती पहिल्यांदा १९८१ मध्ये आली, तिची अलीकडची सुधारणा २०१९ ची. जुन्या प्रबंधांत १९९२ ची आवृत्ती भेटेल, ती उतरवून घेऊ नका. आराखडा साधा आहे: किमान पाच तीव्रता, प्रत्येक तीव्रतेला किमान सात मासे, शिवाय रसायन नसलेला नियंत्रण टब, मुदत ९६ तास. त्यातून काढायचा तो एलसी-५०, म्हणजे ज्या तीव्रतेला त्या मुदतीत निम्मे मासे मरतात तो आकडा. तो नुसत्या रसायनाचा गुणधर्म नसतो. ते रसायन, ते पाणी, तो मासा आणि ती मुदत, या चौघांचा मिळून तो आकडा होतो. पाणी बदललं की आकडा बदलतो.

तांब्याचं उदाहरण घ्या. मऊ पाण्यात तांबं माशांना जितकं घातक, तितकं कठीण पाण्यात नसतं, कारण पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांवरच्या जागांसाठी तांब्याशी स्पर्धा करतं. नागपूरच्या बऱ्याच भागात बोअरचं पाणी कठीण आहे. हॉस्टेलच्या बोअरचं पाणी वापरून एकाने काढलेला आकडा आणि पेंच धरणातून येणारं नळाचं पाणी वापरून दुसऱ्याने काढलेला आकडा शेजारी ठेवून ‘तफावत का?’ म्हणत बसण्यात अर्थ नाही. कठीणपणा लिटरला १० ते २५० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) आणि सामू (पीएच) ६ ते ८.५ या मर्यादेत हवा. मोजून लिहा, रोज लिहा.

नळाचं पाणी घेणार असाल तर त्यात क्लोरीन आहे. पाणी उघड्या टाकीत भरा, एअर पंप लावून किमान एक दिवस ठेवा आणि क्लोरीन उरलं नाही हे किटने तपासूनच वापरा. वासावर भरवसा ठेवू नका. वास येत नाही इतक्या क्लोरीननेही मासे मरतात.

पाणी किती लागेल याचा हिशेब आधी करा. स्थिर पाण्यात लिटरमागे माशांचं वजन ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त नको. रोहूचं बोटुकलं दोन ग्रॅमचं धरलं तर सात बोटुकल्यांचे १४ ग्रॅम, म्हणजे एका टाकीला साडेसतरा लिटर पाणी. पाच तीव्रता आणि एक नियंत्रण मिळून १०५ लिटर. क्लोरपायरिफॉस पाण्यात टिकून राहत नाही, त्यामुळे दर २४ तासांनी द्रावण बदलावं लागेल: सुरुवातीचं एक आणि नंतरचे तीन बदल, म्हणजे एकाच तापमानाचं, एकाच सामूचं ४२० लिटर तयार पाणी. हे ऐकून बरेच जण झेब्राफिशकडे वळतात आणि ते योग्यच आहे. तो मासा मूळचा आपल्याच उपखंडातला आहे, सात माशांना तीन लिटर पुरतात, आणि तुमचा आकडा इतरांच्या आकड्यांशी ताडून बघता येतो. ‘आमच्या शेततळ्यातल्या रोहूचं काय होतं’ हाच तुमचा प्रश्न असेल तर मात्र रोहूच घ्या. मरळ किंवा शिंगी नको. ते वर येऊन हवेतून श्वास घेतात, त्यांच्यावरून रोहूबद्दल काही बोलता येत नाही.

उन्हाळा का नको? २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त लिटरला ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, ३५ अंशांना सुमारे सात. माशाची ऑक्सिजनची गरज मात्र तापमानाबरोबर वाढते. चाचणीत ऑक्सिजन संपृक्ततेच्या (म्हणजे या जास्तीत जास्त प्रमाणाच्या) ६० टक्क्यांखाली जाऊन चालत नाही, म्हणजे २५ अंशांना साधारण ५ मिलिग्रॅम. बाहेर पारा ४५ वर असताना कूलरवर चालणाऱ्या खोलीत दुपारचं आणि पहाटेचं पाण्याचं तापमान सारखं राहत नाही, आणि चार दिवसांत दोन अंशांपेक्षा जास्त चढउतार नको असतो. वीज गेली, एअर पंप बंद पडला, की सगळ्या टाक्यांत एकदम मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. मग मेलेला मासा औषधाने मेला की गुदमरून, हे कोणीच सांगू शकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हीटर लावून तापमान धरून ठेवणं खूप सोपं.

अमोनियाही विसरू नका. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून तो पाण्यात येतच असतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्का भागच विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणून चाचणीच्या २४ तास आधीपासून शेवटपर्यंत माशांना खाणं द्यायचं नाही.

मासे आणल्या आणल्या टाकीत सोडून औषध घालायचं, हे तर कधीच नको. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून आलेलं बोटुकलं आधीच दमलेलं असतं. पिशवी टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवा, तापमान सारखं होऊ द्या, मग सोडा. पहिले दोन दिवस नुसते सावरायला आणि पुढचे सात दिवस त्याच पाण्यात, त्याच तापमानाला सवय व्हायला. या सात दिवसांत १० टक्क्यांहून जास्त मेले तर तो सगळा लॉट बाद. पाच ते दहा टक्के मेले तर आणखी सात दिवस थांबा. बुरशी किंवा जखमांवर औषध दिलेले मासे चाचणीत घेऊ नका.

टाक्या काचेच्याच घ्या. क्लोरपायरिफॉस पाण्यापेक्षा प्लॅस्टिकला आणि तेलकट पृष्ठभागाला जास्त जवळ करतं. पाण्यात ते लिटरला जेमतेम दीड मिलिग्रॅम विरघळतं. तुम्ही टाकलं किती आणि पाण्यात राहिलं किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. मोजलेली तीव्रता ठरवलेल्या तीव्रतेपेक्षा २० टक्क्यांहून जास्त ढळली तर हिशेब मोजलेल्या तीव्रतेवरच करायचा. म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ (पाण्यातलं औषध मोजणारं यंत्र) असलेली प्रयोगशाळा आधी गाठून ठेवा. तेवढं जमत नसेल तर निष्कर्षात ‘ठरवलेली तीव्रता’ असं स्वच्छ लिहा.

कृषी केंद्रातून २० टक्के ईसीची (पाण्यात मिसळून फवारायच्या द्रवाची) बाटली आणली असेल तर आणखी एक अडचण आहे. त्यात क्लोरपायरिफॉस २० टक्के, बाकी द्रावक आणि पायसकारक (तेलकट औषध पाण्यात मिसळवणारे घटक), आणि त्यांचाही माशांवर परिणाम होतो. तुमचा आकडा बाटलीतल्या मालाचा की मूळ घटकाचा, हे लिहिलं नाही तर वाचणारा पाचपटीने फसतो. शुद्ध घटक ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरणार असाल तर तेवढंच ॲसिटोन घातलेली, औषध नसलेली आणखी एक नियंत्रण टाकी लावा.

पाच तीव्रता गुणोत्तराने वाढवा, एकीपासून दुसरी २.२ पटींहून जास्त नको. सुरुवात कुठून करायची ते थोडे मासे घेऊन केलेल्या प्राथमिक चाचणीतून कळतं. पहिल्या दिवशी दोन-तीन तासांनी आणि पुन्हा पाच-सहा तासांनी बघा, नंतर रोज किमान दोनदा. नुसते मेलेले मोजू नका. तोल जाणं, गोल गोल फिरणं, कल्ल्यांची झाकणं भराभर हलणं, अंगाचा रंग गडद होणं, सगळं टिपा. क्लोरपायरिफॉस मज्जातंतूंच्या कामाला लागणारं ॲसिटिलकोलिनएस्टरेझ हे विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे मरणाच्या कितीतरी आधी पोहणं बिघडतं. शेततळ्यात असा मासा बगळ्याच्या तोंडी जातो, पण मेलेल्यांच्या आकड्यात दिसत नाही. झाकणं हलत नाहीत आणि शेपटीच्या बुडाशी हलकेच स्पर्श केला तरी प्रतिसाद नाही, तर मासा मेला समजायचा आणि लगेच काढायचा. जो वाचणारच नाही हे उघड दिसतं, त्याला समितीने मान्य केलेल्या पद्धतीने वेदनेतून सोडवा. नवी मार्गदर्शिकाही त्याच बाजूने झुकते.

नियंत्रण टाकीत १० टक्क्यांहून जास्त मासे मेले (दहापेक्षा कमी मासे असतील तर एकाहून जास्त), तर चाचणी रद्द. इथे मोह होतो. ॲबट यांचं १९२५ चं सूत्र लावून नियंत्रणातली मरतूक वजा करता येते, पण फसलेली चाचणी वाचवायला ते सूत्र नाही. बाकीचं गणित सॉफ्टवेअर करून देतं: मरतूक मधल्या तीव्रतांत थोडी थोडी विभागली असेल तर प्रॉबिट (तीव्रता आणि मरतूक यांची रेषा बसवून एलसी-५० काढायची पद्धत). एका तीव्रतेला एकही नाही आणि पुढच्या तीव्रतेला सगळे, असं झालं तर त्या दोन तीव्रतांचा गुणोत्तर मध्य, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ, घ्या. १० आणि २० मायक्रोग्रॅम असतील तर सुमारे १४.

आता मला खरं जे वाटतं ते. एलसी-५० लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याखाली असेल तर ते रसायन जलचरांसाठी सगळ्यात घातक गटात जातं. क्लोरपायरिफॉस त्या गटात आहे हे आधीच पक्कं ठाऊक आहे. तेच पुन्हा सिद्ध करायला चाळीसेक मासे मारू नयेत असं माझं ठाम मत आहे. प्रश्न थोडा वळवा: विदर्भातल्या कठीण पाण्यात फरक पडतो का, किंवा मासे मरायच्या कितीतरी खालच्या तीव्रतेला मेंदूतलं विकर किती दबतं. नुसती तुलना हवी असेल तर झेब्राफिशच्या अंड्यांवरची चाचणी (ओईसीडीचीच मार्गदर्शिका २३६, २०१३) किंवा कल्ल्यांच्या पेशींवरची (मार्गदर्शिका २४९, २०२१) आहे. तुमचा विषय कारखान्याचं सांडपाणी असता तर माझं मत वेगळं असतं, कारण तिथे पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या मानकांतच अट आहे: १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत हवेत.

आणि एलसी-५०च्या निम्म्या तीव्रतेला ‘सुरक्षित’ म्हणू नका. ९६ तासांत काय झालं एवढंच ही चाचणी सांगते. अंडी घालणं, वाढ, पुढची पिढी, यातलं काहीच तिला दिसत नाही.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, ते नाल्यातून नाग नदीत जाईल. प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या, मेलेले मासेही त्यातच. वाचलेले मासे अंबाझरी किंवा फुटाळा तलावात सोडायचे नाहीत, त्यांचं काय करायचं ते समितीच्या अर्जात आधीच लिहावं लागतं. आणि औषधाची बाटली उघडण्याआधी सगळ्या टाक्या नुसत्या पाण्यावर, मासे ठेवून पूर्ण ९६ तास चालवून बघा. त्यात मासे टिकले, सामू आणि ऑक्सिजन जागेवर राहिला, तर गाइडना ते तक्ते दाखवा आणि मग तारीख ठरवा.