विज्ञान प्रदर्शनाला विषय कुठला घेऊ?

प्रश्न : सर नमस्कार, मुलगा आठवीला आहे, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि बाईंनी सोमवारपर्यंत विषय सांगा म्हणलंय. मागच्या वर्षी ज्वालामुखी केला होता, थर्माकोल रंग सगळं धरून ८०० रुपये गेले आणि परीक्षक दोन मिनिटंसुद्धा थांबले नाहीत, पोरगा घरी येऊन रडला. यावेळी हायड्रॉलिक जेसीबी करू म्हणतोय, दुकानात तयार किट मिळतं. त्याचे बाबा टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहेत, रात्रपाळी असते, मी दहावी झालेय, मला त्यातलं फार कळत नाही. यूट्यूब बघून बघून डोकं भणभणायला लागलंय. कुठला विषय घेऊ ते तुम्हीच सांगा.
(एक आई, सोलापूर)

उत्तर : ताई नमस्कार. पोरगा रडला हे वाचून मलाच कसंतरी झालं, कारण त्याची चूक काहीच नव्हती. ज्वालामुखीत सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फेस येतो हे परीक्षकाला आधीच माहीत असतं, तुमच्या मुलालाही माहीत होतं, मग विचारायचं काय आणि सांगायचं काय? जेसीबीचंही तेच होणार. मॉडेल वाईट नसतं हो, पण दुकानातून आणून जोडलेल्या मॉडेलमध्ये पोराचं स्वतःचं काही नसतं. विषय म्हणजे असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर पोराला आज माहीत नाही आणि घरातल्याच वस्तू वापरून त्याला ते मोजून काढता येईल. एवढं एकच बघा.

आणि तुम्ही विषय शोधत यूट्यूबभर फिरताय, पण तो तर तुमच्या घरातच आहे, त्याचे बाबा टॉवेल विणतात! नवा कोरा टॉवेल पहिल्या दिवशी अंग नीट पुसत नाही, पाणी नुसतं पसरवतो, दोन-तीनदा धुतला की मग चांगलं पाणी ओढतो, हा अनुभव सगळ्यांना आहे. पण किती धुण्यांनंतर? आणि किती फरक पडतो? हे मोजून बघितलेलं घर मला तरी भेटलेलं नाही.

कसं करायचं ते सांगतो. बाबांना एक न धुतलेला सुती टॉवेल आणायला सांगा, डागी माल असला तरी चालेल. त्याच एका टॉवेलमधून २ सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब पट्ट्या कापायच्या, सगळ्या ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेने, एक ताण्यात आणि एक बाण्यात म्हणजे आडव्या धाग्यांत असं करू नका नाहीतर तुलनाच राहत नाही. थोड्या पट्ट्या कोऱ्या ठेवा, थोड्या एकदा धुवा, थोड्या तीनदा, थोड्या पाचदा, आणि सगळ्या पूर्ण वाळू द्या. मग वाटीत पाणी घेऊन त्यात शाईचे दोन थेंब टाका म्हणजे चढलेलं पाणी डोळ्याला दिसतं, पट्टी दोरीला चिमट्याने लटकवा, खालचं १ सेंटीमीटर टोक पाण्यात, शेजारी मोजपट्टी उभी करून ५ मिनिटांनी किती उंच चढलं ते लिहा. प्रत्येक प्रकार तीनदा करायचा, कारण तिन्ही आकडे एकसारखे येणारच नाहीत, आणि वेगळे आले म्हणून खोडायचे तर मुळीच नाहीत.

पाणी वर का चढतं? सुताच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर ओढलं जातं, याला केशाकर्षण म्हणतात, दिव्याच्या वातीत तेल चढतं तेच हे. पण माल हाताला मऊ लागावा म्हणून तयार होताना शेवटी सॉफ्टनर दिलेला असेल तर त्याचा पातळ थर तंतूंवर बसतो आणि पाणी तंतूला धरत नाही, धुतल्यावर तो थर हळूहळू जातो. तुमच्या कारखान्यातल्या मालाला काय काय देतात ते मुलाने स्वतः बाबांना विचारावं, ते उत्तर वहीत लिहावं, म्हणजे रात्रपाळीवाल्या बाबांची मदतही झाली की! वर आणखी एक पट्टी धुताना कपड्यांचं कंडिशनर घालून बघा, कंडिशनरने टॉवेल मऊ होतो पण पाणी कमी पितो असं म्हणतात, खरं की खोटं ते त्याने मोजून सांगू दे.

सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. टेबलावर टॉवेलच्या पट्ट्या, आलेख आणि खाडाखोड असलेली रोजची वही ठेवायची, वही फेअर करून नवी लिहू नका. परीक्षक म्हणून मी कित्येक टेबलांसमोर उभा राहिलोय, हा आकडा कसा आला असं विचारलं की पोरं चार्टकडे बघतात, तुमचा पोरगा वाटी पुढे करून दाखवू शकेल.

टॉवेल नकोच म्हणाला तर पाणी घ्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही ही घरोघरची तक्रार. बोअरचं, उजनी धरणाचं नळाला येणारं आणि उकळून गार केलेलं बोअरचं पाणी, सारख्या बाटल्यांत ५० मिलिलीटर घेऊन साबणाचं पाणी थेंबाथेंबाने टाकत हलवायचं आणि एक मिनिट टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजायचं. फक्त अंगाचा साबण घ्या, डिटर्जंट पावडर नको, तिला जड पाण्यातही फेस येतो आणि सगळा प्रयोग वाया जातो.

आणि बाईंना इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल विचारून ठेवा, त्यात शाळेकडून मुलाची कल्पना पाठवतात आणि निवड झाली तर मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. आजी म्हणते ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना तुटते. हा विषय घेतला तर मैत्रिणी म्हणतात हे काय विज्ञान आहे का, स्वयंपाक आहे. घेऊ का?
(विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : घे, डोळे झाकून घे! मला तर पहिल्या पत्रापेक्षाही तुझा विषय जास्त आवडला. गव्हात ग्लूटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते, ज्वारीत ते नाही, म्हणून आपण पीठ गरम पाण्याने मळतो, गरम पाण्यात स्टार्च फुगतो आणि पिठाला धरून ठेवतो. आजी ज्याला विरी म्हणते ती आकड्यात कशी आणायची हाच तुझा प्रोजेक्ट.

मालदांडी ज्वारी एकदाच घे आणि त्यातली थोडी थोडी तीन आठवडे दर रविवारी दळून आण, वेगवेगळ्या डब्यांत ठेव. मग एकाच दिवशी तिन्ही डब्यांचं पीठ वजन करून, पाणीही सारखं मोजून सारखंच गरम घेऊन मळायचं, ५० ग्रॅमचे गोळे करायचे, प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून वर पाट आणि पाटावर ५ किलोचं वजन एक मिनिट. काठाला किती चिरा पडल्या ते मोज, फोटो काढ. मळायला आजीलाच बसव, पण कुठलं पीठ कुठल्या डब्यातलं ते तिला सांगू नको, नाहीतर जुन्या पिठाला तिचा हात आपोआप वेगळा पडेल. आणि पहिलं दळण आणलंस की लगेच डब्यावर तारीख लिही.