कच्छच्या किनाऱ्यानं सायकल, तंबू टाकून

प्रश्न : मी नागपूरचा, दर रविवारी रामटेकपर्यंत सायकल हाणतो. डिसेंबरात मांडवी ते लखपत जायचंय, मुक्काम तंबूत. उन्हाची सवय आहेच, मग वेगळी तयारी काय करू?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : भाऊ, ऊन तुम्ही काढून न्याल हो, पण तिथं रात्री दव पडतं आणि ते नागपूरकराला माहीतच नसतं, समुद्राची दमट हवा रात्री गार झाली की सकाळी तंबू निथळत असतो, म्हणून वरचं कव्हर लावाच आणि दुपारी जेवायला थांबाल तेव्हा सगळं उन्हात वाळवून घ्या. वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आन ती पिशवीच आडवी पुरायची, मस्त टिकते. भरतीच्या खुणेच्या बऱ्याच वर झोपा, कच्छच्या आखातात पाणी लई आत येतं.

पंक्चरचं मात्र मनावर घ्या! गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, तिचे काटे रस्त्याच्या कडेला सगळीकडे, सायकल कडेला लोटण्याआधी खाली बघा, 2 ट्यूब जास्तीच्या ठेवा. खाऱ्या हवेनं चेन गंजते, रोज संध्याकाळी पुसून तेल.

पाणी दिवसाला 6-7 लिटर धरा, गाव दिसलं की भरून घ्या. नारायण सरोवराच्या पुढं सरहद्द जवळ आहे, तिथं उघड्यावर तंबू नकोच, ओळखपत्र ठेवा आणि लखपतच्या गुरुद्वाऱ्यात मुक्कामाचं विचारा. आधी एकदा सगळं सामान लादून रामटेक करून बघा बाप्पा.