बालवाडीतला मोडांचा आठवडा

प्रश्न : चार-पाच वर्षांच्या गटात बी रुजवण्याचा आठवडा घेतला. तिसऱ्याच दिवशी कापसाला वास आला, मुलंही कंटाळली. काय चुकलं?

उत्तर : पाणी जास्त झालं. बीला ओलाव्याइतकीच हवाही लागते. कापूस थबथबला की ती कुजते. बोटाने दाबल्यावर पाणी साचता कामा नये. राजमा टाळा, मूग घ्या, लवकर रुजतात. सोमवारी मुलांना कोरडे मूग-हरभरे वेगळे करू द्या. रात्री मूग आठ तास भिजवा. मंगळवारी कोरडा आणि फुगलेला दाणा शेजारी ठेवून बघू द्या, मग पारदर्शक पेल्यात, ओल्या कापसावर कडेला पाच-पाच दाणे. एक पेला मुद्दाम कपाटात ठेवा. त्यातले कोंब लांब, पिवळट होतात आणि खरी चर्चा तिथे रंगते.

कंटाळा येतो तो नुसतं बघत बसल्याने. बुधवारपासून रोज कोंबाएवढा लोकरीचा धागा कापून कागदावर ओळीने चिकटवा. पट्टी या वयात नकोच.

दाणे मोजून द्या, मोजूनच परत घ्या. नाकात गेलेला मूग आत फुगतो. तो घरी काढू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.